केणी, नांगर आणि ट्रॅक्टरचें पातें



युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखांत हिवाळा लागला म्हणजे घरापुढील वाटेवर गुडघाभर बर्फ सांचतें, आणि तें दूर सारल्यावांचून ना दूधवाल्याची गाडी दाराशीं येते, ना मुलांना शाळेची वाट सांपडते. तेथील लहान शेतकरी ह्या कामासाठीं बाजारांतून तयार यंत्र आणतोच असें नाहीं. घरचा लहान ट्रॅक्टर, भंगारांतला एक जाड पत्रा, चार लोखंडी नळ्या आणि लोखंड सांधण्याचें यंत्र एवढ्या सामग्रीवर तो आपल्या परसांत बर्फ लोटण्याचें पातें स्वतःच घडवितो. आमच्या कोल्हापूर प्रांतांत बर्फ पडत नाहीं. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालाचा थर बसतो, तेवढेंच काय तें आमचें हिमवर्षण! तेव्हां हा परदेशी विषय येथें कशाला, असें आपणांस वाटणें साहजिक आहे. परंतु त्या बर्फाच्या पात्याचें एक सख्खें भावंड आमच्या शेतांतून पिढ्यान्‌पिढ्या राबत आलें आहे. त्याचें नांव केणी. ह्या केणीपासून लहान ट्रॅक्टरला लावावयाच्या घरगुती पात्यापर्यंत आमच्या भागांतील अवजारें कशीं बदलत गेलीं, तें आज सांगण्याचा विचार आहे. त्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल असें वाटतें. यंत्र कोठूनहि येवो. त्याचा मातीला भिडणारा भाग जेथल्या तेथें, तेथील माणसाच्या हातून घडला, तरच तें यंत्र त्या भूमीचें होतें.

प्रथम जागा डोळ्यांपुढें आणूं. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यांत, जोतिबाचा डोंगर उभा आहे. गांवाचें कागदोपत्रीं नांव वाडी रत्नागिरी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३,१०० फूट. ह्या डोंगररांगेच्या उत्तर अंगाचें पाणी वारणेला जातें, दक्षिण अंगाचें पंचगंगेला. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. म्हणजे ह्या डोंगरावर पडलेला थेंब कोणत्याहि वाटेनें गेला तरी शेवटीं तो कृष्णेचाच. थेंब जातो त्याचें दुःख नाहीं. परंतु तो एकटा जात नाहीं. उतारावरची माती तो बरोबर घेऊन जातो. मृगापासून पाऊस लागला कीं पायथ्याचे ओढे तांबड्या-काळ्या गढूळ पाण्यानें भरून वाहूं लागतात, आणि तो रंग म्हणजे वरच्या शेतकऱ्याचें भांडवल होय. जोतिबा हें शेतकऱ्यांचें दैवत. चैत्राच्या यात्रेला सासनकाठ्या नाचवीत जो समाज येथें लोटतो, त्यांत नांगर धरणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. यात्रा करून घरीं परतलेला कुणबी लगेच पुढच्या पेरणीच्या तयारीला लागतो. आणि उताराच्या रानांत त्या तयारीचा पहिला धडा म्हणजे बांध नीट करणें, खळगे भरणें, उंचवटे उतरविणें हा होय. त्या कामाचें अवजार केणी.

केणी म्हणजे काय, हें शहरांत वाढलेल्या मुलांना सांगावें लागेल. एक रुंद जाड फळी, तिच्या खालच्या कडेला लोहारानें बसविलेली लोखंडी पट्टी, मागें धरावयास मूठ, आणि पुढें बैलजोडीला जोडण्यासाठीं साखळी किंवा दोर, एवढाच तिचा संसार. मागचा माणूस मुठीवर भार देई तेव्हां धार जमिनींत रुते आणि माती फळीपुढें गोळा होई. उंचवट्यावर भरलेली केणी खळग्याशीं आली कीं तो मूठ वर उचली. मातीचा ढीग तेथेंच राही व केणी त्यावरून पुढें निघे. दाब किती द्यावा, मूठ केव्हां उचलावी, हें कोठें लिहिलेलें नव्हतें. तें मनगटांत होतें. माती ओली असेल तर ती फळीला चिकटे. फार कोरडी असेल तर धार वरून घसरे. जमिनींत दगड लागला तर बैल आपण होऊन थांबत. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिच्याशीं आपल्याला काम आहे.

ही केणी कोण करी? गांवचा सुतार आणि गांवचा लोहार. सुतारानें बाभळीची फळी तासावी, लोहारानें पट्टी ठोकावी, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर येऊन दोघांनींहि आपलें बलुतें घेऊन जावें. नांगराचेंहि तेंच. खोड, हळस, रुमणें हीं लांकडाचीं. फाळ तेवढा लोखंडाचा. ह्या व्यवस्थेंत जातिबंधनाचा जाच होता, तिचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. सुताराच्या मुलानें सुतारच व्हावें व लोहाराच्या मुलानें भाता फुंकावा, ही रीत अन्यायाचीच होती. परंतु एक गुण तिच्यांत होता. अवजार करणारा आणि तें वापरणारा हे एकाच गांवांत राहत. फाळ बोथटला, फळी उलली, तर दुसऱ्या दिवशीं तक्रार करणाऱ्याच्या घरीं भाता पेटे. ह्या गांवची जमीन मुरमाड कीं चिकण, हें लोहाराला शेतकऱ्याइतकेंच ठाऊक असे. अवजाराच्या इतिहासांत ह्या जवळिकीला फार किंमत आहे.

ही जवळीक असूनहि शेतकरी दरिद्री कां, हा प्रश्न ज्यांनीं प्रथम मोठ्यानें विचारला ते महात्मा जोतीराव फुले. त्यांचें नांव ह्याच जोतिबा दैवतावरून ठेवलें गेलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत डोंगरावरून पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या मातीचा व पालापाचोळ्याच्या खताचा त्यांनीं विचार केला आहे. सरकारनें आपल्याकडील फौजेच्या व पोलिसांच्या फावल्या वेळाचा उपयोग करून जागोजाग ताली व लहान-मोठीं धरणें बांधवावीं, म्हणजे पाणी मुरेल आणि जमिनीचें सत्त्व जागेवर राहील, अशी त्यांची सूचना होती. आज जिला मृद्‌संधारण म्हणतात त्या शास्त्राची ही नांदीच. सरकारला जाग यावयास पुष्कळ काळ लोटला. १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीन-सुधारणा योजनांचा कायदा केला, आणि त्यानंतर दख्खनच्या अवर्षणग्रस्त भागांत समपातळीचे बांध घालण्याच्या कामाला मोठ्या प्रमाणावर चालना मिळाली. कोल्हापूर तेव्हां स्वतंत्र संस्थान होतें. तें १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थान असो कीं इलाखा, उतारावरच्या मातीची कथा मात्र एकच होती.

केणीच्या जमान्यांतच लोखंडाचें युग आमच्या दारांत आलें, आणि तें एका सायकलच्या दुकानांतून आलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं अध्यापन केलें. बेळगांवीं त्यांचें व त्यांच्या बंधूंचें सायकलींचें दुकान होतें. सायकली विकतां विकतां व दुरुस्त करतां करतां ते लहान यंत्रांकडे वळले. कडबा कापण्याचें यंत्र त्यांनीं केलें, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. परदेशी नांगर पाहून, त्याची जात समजून घेऊन, तो आपल्या बैलांच्या ताकदीला व आपल्या मातीला मानवेल असा करावयाचा, हा त्यांचा उद्योग. त्या नांगरानें माती नुसती चिरली जात नव्हती, तर ती पलटली जात होती. हरळीसारखें चिवट तण मुळासकट वर येत होतें. तरी शेतकरी तो घेईना. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत होती, आणि पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षें तसेच पडून राहिले, असें सांगतात. ह्या समजुतीला आज आपण हंसूं. परंतु कर्जांत बुडालेल्या माणसानें आपली एकुलती एक जमीन अनोळखी धातूखालीं देण्यास कां कूं केली, तर त्यांत मूर्खपणापेक्षां सावधपणाच अधिक होता. नांगर शेवटीं खपूं लागला तो वादविवादानें नव्हे. शेजाऱ्याच्या रानांतली नांगरट बांधावरून डोळ्यांनीं पाहिल्यामुळें.

पुढें बेळगांवच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, आणि किर्लोस्करांना तेथून उठावें लागलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन त्यांना देऊं केली. १९१० सालीं त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढें पहिल्या महायुद्धानें, म्हणजे १९१४ ते १९१८ ह्या काळांत, बाहेरचें लोखंड येईनासें केलें. तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं संस्थानांतील जुन्या निकामी तोफा कारखान्याला दिल्या, आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. आमच्या शालेय इतिहासांत तोफांचीं वर्णनें पुष्कळ असतात. कोणत्या किल्ल्यावर किती होत्या, त्या कोणी डागल्या, हें मुलें पाठ करतात. त्या तोफांपैकीं कांहींचे पुढें फाळ झाले आणि ते ह्याच प्रांताच्या मातींत झिजून गेले, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. आमच्या मतें ती कोणत्याहि लढाईइतकी स्मरणीय आहे.

शाहू महाराजांच्या उत्तेजनामुळें व पुढें उंसाच्या वाढत्या लागवडीमुळें कोल्हापूर शहरांत हातांत कसब असलेल्या मिस्त्रींची एक पिढी उभी राहिली. उंसाचे लोखंडी चरक, पाण्याचे पंप, तेलावर चालणारीं इंजिनें ह्यांची दुरुस्ती करतां करतां ती पिढी स्वतः यंत्रें करूं लागली. ह्या शहराची वृत्ति कशी होती, ह्याचें एक उदाहरण शेतीच्या बाहेरचें आहे. चित्रपट काढावयाचा तर परदेशी कॅमेरा हवा. तो परवडत नाहीं व मिळतहि नाहीं, म्हणून बाबूराव पेंटर ह्यांनीं दामले ह्यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं कोल्हापुरांतच स्वतःचा कॅमेरा तयार केला, आणि १९२० सालच्या ‘सैरंध्री’चें चित्रण त्यावर झालें. ज्या गांवांत माणूस कॅमेरा कानशीनें घासून बनवितो, त्या गांवांत नांगराचा फाळ किंवा पंपाचा दट्ट्या ही कितीशी मोठी गोष्ट! शिवाजी उद्यमनगरांतील ओतशाळा व लेथ ह्याच वृत्तीचा वारसा आहेत.

आतां ट्रॅक्टरकडे येऊं. ट्रॅक्टर हें यंत्र परदेशांतून आलें, आणि त्याच्या इतिहासांतहि एक सायकल-मोटारदुरुस्तीचें दुकान आहे, हा योगायोग मोठा मौजेचा. हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४. बेलफास्ट शहरांत भावाच्या दुरुस्तीच्या दुकानांत तो यंत्रकाम शिकला. १९१७ सालीं, महायुद्धामुळें धान्याची टंचाई असतां, आयर्लंडमधील ट्रॅक्टरांच्या कामाची पाहणी करण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्या वेळचे ट्रॅक्टर म्हणजे बैलांच्या जागीं इंजिन, एवढेंच. नांगर मागें साखळीनें ओढावयाचा. हा नांगर जमिनींतील दगडाला किंवा मुळाला अडला तर काय होई? बैल थांबतात, हें मघाशीं सांगितलें. इंजिन थांबत नाहीं. मागचीं चाकें फिरतच राहत, ट्रॅक्टरचें तोंड आकाशाकडे उठे, आणि यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. अशा अपघातांत माणसें मेलीं. फर्ग्युसननें ह्यावर शोधलेला उपाय म्हणजे तीन सांध्यांची जोडणी. खालीं दोन भुजा, वर मधोमध एक दांडा. आणि ह्या तिहींवर अवजार असें बसवावयाचें कीं तें व ट्रॅक्टर मिळून एकच देह व्हावा. अवजार अडलें तर वरचा दांडा पुढें रेटला जातो आणि ट्रॅक्टरचें तोंड वर उठण्याऐवजीं खालीं दबतें. तेलाच्या दाबानें अवजार वर-खालीं करण्याची सोयहि त्यानें त्यांतच केली. १९३९ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून ह्या जोडणीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. कालांतरानें ही पद्धत बहुतेक सर्व जगानें उचलली.

ह्या जोडणीचा आमच्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. तिचीं मापें पुढें ठरून गेलीं. बहुतेक लहान ट्रॅक्टरांना ज्या वर्गाची जोडणी असते, तींत खालच्या भुजांच्या खिळी २२ मिलिमीटर जाडीच्या, वरची १९ मिलिमीटरची, आणि खालच्या दोन सांध्यांमधील अंतर सुमारें ६८ सेंटीमीटर. ट्रॅक्टर कोणत्याहि कारखान्याचा असो, हीं मापें सांभाळून केलेलें अवजार त्याला बसतें. याचा अर्थ असा कीं, इंजिन जरी दूरच्या मोठ्या कारखान्यांत झालें, तरी अवजार करण्याचा हक्क पुन्हां गांवच्या वर्कशॉपाकडे आला. जें बलुतेदारी मोडल्यावर तुटलें होतें, तें करणारा व वापरणारा ह्यांमधलें नातें, ह्या तीन खिळ्यांनीं पुन्हां जोडलें गेलें. भारतांत ट्रॅक्टरचें उत्पादन १९५९ सालीं सुरू झालें. पुढें उंसाच्या सऱ्यांतून चालणारे, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर आमच्या भागांत आले, आणि त्यांच्यामागें केणी नव्या रूपानें परत आली.

ही नवी केणी, म्हणजे लहान ट्रॅक्टरचें माती ओढण्याचें पातें, घरगुती रीतीनें कसें घडतें तें पाहूं. पाठीचा पत्रा पांच-सहा मिलिमीटर जाडीचा घेऊन त्याला बाक देतात. जाड नळीचा लांबट तुकडा उभा चिरून घेतला तरी हा बाक आयताच मिळतो. बाकामुळें माती पत्र्यावरून चढते व पुढें कोसळते. सपाट पत्र्यापुढें ती नुसती दाटून बसते व जोर अधिक लागतो. खालच्या कडेला धारेची पट्टी हवी. ती मऊ लोखंडाची असून चालत नाहीं, चार दिवसांत झिजते. जुन्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा हा ह्या कामीं लोहाराचा आवडता माल, कारण त्याचें पोलाद चिवट असतें. ही पट्टी सांधून टाकण्यापेक्षां बोल्टांनीं बसवावी, म्हणजे झिजल्यावर उलटून दुसरी कड वापरतां येते. पात्याची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांहून किंचित्‌ अधिक ठेवावी, नाहींतर सारख्या केलेल्या रानांत चाकोरी उमटत राहील. पाठीमागें त्रिकोणी चौकट उभारून तिला वर सांगितलेल्या तीन खिळ्यांचीं भोकें पाडलीं, कीं पातें जोडावयास तयार. केणीच्या मुठीवर दाबणाऱ्या मनगटाचें काम आतां वरचा दांडा करतो. तो आंखूड केला कीं धार अधिक रुतते, लांब केला कीं ती वरून सरकते. बापानें मनगटानें केलें तेंच मुलगा दांड्याचा आंटा फिरवून करतो.

थंड देशांतील बर्फाचें पातें दिसावयास असेंच. परंतु तें ट्रॅक्टरच्या पुढें लावतात, आणि पुष्कळ रुंद व उंच करतात. ह्याचें कारण पदार्थाच्या वजनांत आहे. नुकतें पडलेलें भुसभुशीत बर्फ घनमीटरला सुमारें शंभर किलो भरतें. शेतांतली माती दीड हजार किलोच्या आसपास. पात्यापुढें घनमीटरचा विसावा भाग सांचला असें धरलें, तर बर्फाचें ओझें पांच किलो आणि मातीचें पंचाहत्तर. बर्फ लोटीत पुढें जाणें शक्य असतें, आणि तें आवश्यकहि असतें, कारण चाकांखालचीच वाट आधीं मोकळी व्हावी लागते. माती मात्र मागून ओढावी. ओढतांना अवजाराचा कांहीं भार मागच्या चाकांवर येतो व त्यांची पकड वाढते. बर्फाच्या पात्याला खालीं घसरपट्ट्या लावतात, म्हणजे धार रस्त्याच्या खडीला ओरबाडीत नाहीं. मातीच्या पात्याला तर रुतावयाचेंच असतें. बर्फाखालीं दडलेल्या दगडाला धडकून पातें मोडूं नये म्हणून त्याला मोठ्या स्प्रिंगा लावतात. धक्का बसला कीं पातें पुढें झुकतें आणि अडथळ्यावरून निसटून पुन्हां ताठ होतें. बैल थांबत असे, त्या शहाणपणाची भरपाई ती स्प्रिंग करते! आमच्याकडील चांगला मिस्त्रीहि भुईंत खडक असलेल्या रानासाठीं पातें करतांना मुद्दाम एक मऊ खिळी घालतो, म्हणजे फार ताण आला तर खिळी तुटावी, पातें व माणूस वांचावा.

आपल्याच देशांत बर्फ लोटण्याचें काम किती मोठें आहे, ह्याची कल्पना हिमालयाच्या वाटांवरून येते. १९६० सालीं स्थापन झालेली सीमा सडक संघटना दर वसंत ऋतूंत रोहतांग, झोजी ला अशा खिंडी मोकळ्या करते. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर. २०२० सालीं त्या डोंगराखालून अटल बोगदा खुला झाला, तरी वरची वाट साफ करण्याचें काम संपलेलें नाहीं. आमच्या घाटरस्त्यांवर पावसाळ्यांत दरडीचा राडारोडा येतो, तो लोटणाऱ्या यंत्राचें पातें आणि त्या खिंडींतलें पातें हीं एकाच कुळांतलीं. परंतु तेथें यंत्र सरकारचें, येथें शेतकऱ्याच्या घरचें, हा फरक आहे. आणि ह्या फरकांतूनच आजचा खरा प्रश्न उभा राहतो.

केणीला दोन बैलांची ताकद होती. एका दिवसांत ती थोडीशीच माती हलवी, आणि म्हणून चूक झाली तरी ती थोड्या मातीची होई. लहान ट्रॅक्टरचें पातें तेंच काम एका प्रहरांत उरकतें. उताराचें रान सपाट करावें, बांध मोडून दोन तुकड्यांचा एक करावा, असा मोह त्यामुळें होतो. आणि येथें एक अनर्थ सहज घडतो. जमिनीच्या वरच्या वीतभर थरांतच तिचें सारें सत्त्व असतें. हा थर तयार व्हावयास निसर्गाला शेंकडों वर्षें लागतात. उंचवट्यावरचा हा थर ओढून खळग्यांत लोटला, तर खळग्यांत तो खोल गाडला जातो आणि उंचवट्यावर उघडा मुरूम राहतो. रान डोळ्यांना सपाट दिसतें. पीक मात्र अर्ध्या भागांत पिवळें पडतें. जाणता शेतकरी असें करीत नाहीं. तो आधीं वरची चांगली माती ओढून एका कडेला रास करतो, मग खालची भुई सारखी करतो, आणि शेवटीं ती रास पुन्हां सर्वत्र पसरतो. काम दुप्पट होतें, तेलहि अधिक जळतें; परंतु जमीन जमीन राहते. तसेंच, उतारावर बांध मोडण्याऐवजीं पात्याला तिरपें करून उताराला आडवा बांधच घातला, तर जें फुल्यांना हवें होतें तें हेंच पातें करून देतें. म्हणजे एकच अवजार माती राखूंहि शकतें व दवडूंहि शकतें.

ह्यासाठींच अवजार घडविणाऱ्याची व शेतकऱ्याची जवळीक टिकणें अगत्याचें आहे. तयार पातें विकत घेतां येतें, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु तें विकणारा दुकानदार ‘तुमचा उतार किती? मुरूम किती खालीं आहे?’ असें विचारीत नाहीं. गांवचा मिस्त्री विचारतो. धार किती रुतावी, पातें किती तिरपें व्हावें, खिळी किती मऊ असावी, हें तो त्या रानाला पाहून ठरवितो. आणि चुकलें तर दुसऱ्या दिवशीं शेतकरी त्याच्या दारांत उभा असतो. किर्लोस्करांनीं परदेशी नांगर जसाच्या तसा विकला नाहीं. बाबूराव पेंटरांनीं कॅमेऱ्यावांचून रडत बसणें पत्करलें नाहीं. फर्ग्युसननें माणसें उलटून मरतात हें पाहिलें आणि तो कामाला लागला. ह्या तिघांत समान गोष्ट एकच. यंत्र हातीं येतांच त्यांनीं तें उघडून पाहिलें आणि आपल्या कामाला कसें येईल, हें स्वतःला विचारलें.

आज शेतकऱ्यांचीं व मिस्त्रींचीं मुलें शाळा-कॉलेजांतून शिकत आहेत, आणि तें योग्यच आहे. फक्त लोखंड तापवणें, धार लावणें, सांधा जोडणें हें कमी प्रतीचें काम आहे, असा समज पुस्तकांबरोबर त्यांच्या घरांत शिरूं नये, एवढें पाहिलें पाहिजे. पांढरपेशा घरांतील पालकांवरहि ही जबाबदारी आहे, कारण प्रतिष्ठेचीं मापें समाजांत बहुधा तेच ठरवितात. ज्या मुलाला भूमिति येते त्याला पात्याचा कोन समजेल. आणि ज्याला पात्याचा कोन हातानें साधतां येतो त्याला भूमिति अधिक चांगली समजेल.

पुढच्या चैत्रांत आपण जोतिबाला जाल, तेव्हां दर्शन झाल्यावर क्षणभर डोंगराच्या कडेला उभे राहून खालच्या रानांकडे पाहावें. बांधांच्या रेघा उताराला आडव्या गेलेल्या दिसतील. त्यांतल्या जुन्या रेघा केणीनें ओढलेल्या आहेत, कांहीं नव्या ट्रॅक्टरच्या पात्यानें. मृगाचा पाऊस येईल तेव्हां त्या रेघांपाशीं पाणी थबकेल, आणि माती तेथेंच राहील.